हात लाजतो

वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर सोळाच्या जरा आत,
लेथ मशीनच्या डोक्यावर आमचा गाळा.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला जुनी गादी.
शनिवारी साडेसात ते साडेनऊ,
तासाला तीनशे, पंख्याचे वेगळे घेत नाहीत.

नऊ वर्षं मी मागेच उभी,
भूपेशच्या ड्रमला खेटून.
चार जाड तारा.
लोक विचारतात, गिटारच ना ही? दोन तारा तुटल्या का?
मी हो म्हणते.

मग ओजसला बंगळुरूला नोकरी लागली
आणि माइकचा स्टँड कोपऱ्यात राहिला,
कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा.
साव्हियोचा आवाज फाटका.
भूपेश गायला लागला की गाणं उतारावर सुटतं.
दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
तू गुणगुणतेस ना घरी?

गुणगुणणं वेगळं.
तेव्हा हातात भांडी असतात,
आणि भांड्यांना ताल चुकला तरी चालतो.

पहिल्या शनिवारी गळा चालला, बोटं थांबली.
बोटं धावली, गळा थांबला.
दोघांना एकदम सोडलं
तर एकेक अक्षर एकेका ठोक्यावर येऊन बसलं,
पहिलीतलं पोर शब्दावर बोट ठेवून
धडा वाचतं, तसं.
ओळ माझीच होती. मीच लिहिलेली.

भूपेश म्हणाला, गाऊ नकोस. वाजव आणि नुसतं बोल.
सकाळी काय खाल्लंस?
पोहे, म्हटलं. पोहे बरोब्बर ठोक्यावर पडले.
पुढे?
चहा. दोनदा.
मग टीएमटी चुकली, तीन हात नाक्यावरून रिक्षा केली,
साठ रुपये गेले –
ते साठ रुपये दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडले.
सुटलं! भूपेश ओरडला, सुटलं बघ!
नंतर तीन आठवडे पुन्हा काही सुटलं नाही.

आईला सांगितलं.
आई याच इस्टेटमध्ये होती, अकरा वर्षं,
बल्बच्या कंपनीत, पट्ट्यावर.
काचेच्या पोटात केसाएवढी तार बसवायची,
तासाला दोनशे.
(आता तिथे काचेचीच इमारत आहे,
आत सगळे कानाला लावून बोलत असतात.)
तेव्हा बोलायला बंदी होती,
म्हणून बायका दिवसभर बोलायच्या, ओठ न हलवता,
भिशीबद्दल, नणंदांबद्दल,
शिरसाट सुपरवायझरच्या टोपाबद्दल.
कसं जमायचं गं?
ती मटार सोलत होती.
म्हणाली, हाताकडे बघायचं नाही.
बघितलं की हात लाजतो.
आणि तार वाकडी बसली तर?
तर पगारातून कापायचे.

चरईतला हॉल. कुठल्याशा सोसायटीची पंचवीस वर्षं.
बक्षीस समारंभ आणि पावभाजी यांच्या मध्ये आम्ही.
पहिलं कडवं गेलं.
दुसऱ्याच्या तोंडाशी मी शब्द विसरले.
माइकसमोर तोंड उघडं,
आणि खाली हात चालूच होता.
जिन्यात थांबून आपल्याच घरातलं बोलणं ऐकावं
तसा मी तो ऐकला.
इतकी वर्षं वाजवत होते,
ऐकला नव्हता.
साव्हियोने भुवया उडवल्या.
मग मी चालीवर जे आलं ते गायले,
पोहे, चहा, दोनदा चहा,
तीन हात नाका, रिक्षाचे साठ रुपये,
आणि साठ पुन्हा त्याच फटीत पडले,
या वेळी आपण होऊन.

कुणाला कळलं नाही असं वाटलं.
टाळ्या पडल्या, पाव भाजल्याचा वास आला.
वायरी गुंडाळायच्या आधी एक आजोबा स्टेजपाशी आले,
हातात बक्षिसाचा स्टीलचा डबा.
गाणं चांगलं होतं, म्हणाले,
पण तीन हात नाक्यावरून साठ?
फसवलं तुम्हाला.

मी हसले.
डावा हात अजून तारांवरच होता,
काहीतरी करत होता.
मी बघितलं नाही.