हातचा एक

शाळेच्या व्यायामशाळेत त्या रात्री
खुर्च्या मांडल्या होत्या व्योल्त्सानंच,
नेहमीसारख्या. बारा रांगा, मधे वाट,
पहिली रांग म्हाताऱ्यांसाठी, हीटरजवळ.
मग अध्यक्ष म्हणाले, आता अर्जदारांनी बाहेर थांबावं.
ती गेली. सायकलींच्या छपराखाली उभी राहिली.
मार्च होता. बर्फ वितळून पुन्हा गोठण्याचे दिवस.

मी मोजणारी. एकवीस वर्षं
या गावचे हात मोजत आले:
पुलासाठी, गटारासाठी,
चर्चच्या घड्याळाच्या नव्या काट्यांसाठी.
आल्बिनच्या हाताला दोन बोटं कमी, करवतीनं नेलेली.
डेअरीवाल्या सेप्पचा तळवा दह्यासारखा पांढरा.
चेहरे नसले तरी मी गाव ओळखेन.

नागरिकत्व देऊ नये असं ज्यांचं मत,
त्यांनी...
आणि आम्ही हात वर केले.
दोन्ही अर्थांनी.

कुणी रागावलं नव्हतं, हे सांगायला हवं.
कुणी ओरडलं नाही. शिवी दिली नाही.
एकानं तर उरलेल्या हातानं जांभई झाकली.
एकशे अकरा.
दोनदा मोजायचं असा नियम आहे.
एकशे अकरा.
मग लक्षात आलं, पेन्सिल धरलेला एक हात
मोजायचा राहिलाय.
एकशे बारा, मी लिहिलं.
तिच्या बाजूनं चौतीस.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. असेल.
पण तोंडं मिटलेली होती,
आणि हाताला तोंड नसतं.
का, असं विचारलं की तो खिशात जातो.

व्योल्त्सा आत आली, आकडा ऐकला,
बरं म्हणाली, आणि खुर्च्या आवरायला लागली.
काहीजण अजून बसलेले होते.
सावकाश उठा, म्हणाली त्यांना.

*

निकाल दोन वर्षांनी आला, लोझानहून.
बाकी सगळी कलमं, गाभा एका ओळीचा:
नाकारा, पण कारण सांगा.

खानावळीत टेबलं दणाणली.
तळ्याकाठी बसलेले पाच न्यायाधीश,
आमच्या गाई कुठल्या उतारावर चरतात हे ठाऊक नसलेले,
ते आम्हाला शिकवणार?
लोक म्हणजे आम्ही!

मी गप्प. मला आई दिसत होती,
चौकात, दोरीच्या पलीकडे,
हातमोज्यातली माझी मूठ तिच्या मुठीत.
अलीकडे पुरुष, कमरेला आजोबांच्या तलवारी,
एप्रिलच्या उन्हात हात वर करून सांगणारे
की बायकांनी हात वर करू नये.
दर खेपेला बहुमत. स्वच्छ, मोजलेलं, कायदेशीर.
आई घरी येऊन बटाटे सोलायची.
सालं फार जाड निघायची.
ती दोरी सोडली
चौकानं नाही. तेव्हाही पत्रच आलं होतं,
त्याच तळ्याकाठून.

आईच्या हिशेबातला तो हातचा एक
मी व्योल्त्साच्या विरुद्ध मिळवला होता.

*

दुसऱ्या सभेला छापील कागद,
त्यावर नवा रकाना: कारण.
व्योल्त्सा या वेळी आतच, शेवटच्या रांगेत,
कोट न काढता.

सेप्प उठला. म्हणाला, ती...
मग म्हणाला, तिच्या बाल्कनीत
गालिचे वाळत असतात. रविवारीसुद्धा.
लिहू? मी विचारलं.
पेन्सिल टेकवली.
तो त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिला,
विहिरीत डोकावल्यासारखा.
नको, म्हणाला. राहू दे.

अठ्ठावन्न हात तरीही वर होते.
आल्बिन अजून मला नमस्कार करत नाही.

सभा संपली. मी खुर्च्या उचलायला लागले,
एकावर एक, सात, आठ,
तशी ती मागून आली
आणि वरच्या दोन काढून बाजूला ठेवल्या.
सहाच, म्हणाली.
जास्त रचल्या की कलंडतात,
आणि पडतात त्या नेमक्या
शेजारून जाणाऱ्यावर.