लिमिटेड ताट

नीरद मयेकर अकरा दिवसांसाठी मालवणला गेला
आणि जाताना समुद्राची किल्ली माझ्याकडे देऊन गेला.
सहकारनगर, तिसरा मजला,
भिंतीला लागून चार फूट काच, निळा उजेड,
आणि काचेवर चिकटवलेला कागद:

‘काकू, सकाळी चिमूटभर दाणे. चिमूट माझी, तुमची नव्हे.
संध्याकाळी फ्रीजरमधली कोळंबीची एक वडी,
टाकीच्याच वाटीभर पाण्यात सोडवून, गाळून.
आधी पंप बंद. दहा मिनिटांनी आठवणीने चालू.
पिवळ्याला शेवाळाचा कागद, चिमट्यात, दिवसाआड.
दोन मिनिटांत संपेल तेवढंच.
गुरुवारी काही नाही.
ते मागतील. देऊ नका.’

सव्वीस वर्षं खानावळ चालवली मी, टिळक रोडच्या मागे.
मला चिमूट शिकवतोय.
ह्याच पोराला लिमिटेड ताटात
चौथी पोळी हिशेबात न धरता वाढलीय.
घरून पैसे आले नाहीत, पेपर वाईट गेला,
एका वेळचा डबा कोण दोन वेळा पुरवतोय,
जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं मला.

पण ह्यांना पावलं नाहीत.
कुलूप काढलं की सगळे काचेशी, तोंडं उघडी.
ती केशरी जोडी तर अशी थरथरते
की आठवडाभर कुणी विचारलंच नाही त्यांना.
सकाळी वाढलेलं असतं. तरी.
तिसऱ्या दिवशी मी एक वडी जास्त टाकली.
मग अजून अर्धी.

चौथ्या दिवशी पाणी तांदूळ धुतल्यासारखं.
नीरद फोनवर ओरडला नाही, तेच जास्त लागलं.
म्हणाला, खडकाच्या फटीत बघा, उरलंय का?
उरलं होतं. पांढरं, बुरसट.
‘ते तिथेच कुजतं काकू, आणि त्याच पाण्यात
ते श्वास घेतात. त्यांना खिडकी नाही.’

मग बादलीत गाळीव पाणी, पुड्यातलं मीठ,
ढवळ, थांब, पुन्हा ढवळ,
नळीवर एक पूर्णांक शून्य पंचवीस येईपर्यंत.
आमटीची घेतात तशी चव घेतली मी. आळणी नव्हती.
कोकणातला पोरगा पुण्यात मीठ विकत घेऊन
समुद्र कालवतो, ह्याला काय म्हणावं.
आणि रोजची खूण उतरली की वरून गोडं पाणी घालायचं:
आटतं ते पाणी, मीठ जिथल्या तिथे राहतं.

बादली ओतताना सहावा दिसला.
इतके दिवस मी पाचच मोजत होते.
जांभळं डोकं, पिवळी शेपूट, बोटाएवढा,
मागच्या खडकात उलटा टांगल्यासारखा.
पिवळा दांडगा सरला की हा अर्धा बाहेर यायचा,
तोवर काही उरलेलं नसायचं.
मी एवढं जास्त टाकलं,
त्यातलं ह्याच्या तोंडी एक कणही लागला नव्हता.

उमरग्याकडचा एक केरबा होता.
पावणेतीनला यायचा, आमटीत नुसतं पाणी उरलं की.
भूक नाही काकू, म्हणायचा.
मी त्याला वेळेची पाटी वाचून दाखवली होती,
मोठ्याने, सगळ्यांसमोर.

आता ड्रॉपरने. दोन थेंब, तीन कोळंब्या,
थेट त्याच्या फटीपाशी, बाकीचे पुढे गुंतलेले असताना.
पहिल्यांदा आत पळाला.
मी हात पाण्यातच ठेवला, कोपरापर्यंत गार.

गुरुवार आला. माझाही उपासच,
म्हणजे एकादशी, दुप्पट खाशी:
साबुदाणा, वर दाण्याचं कूट, दह्याची वाटी.
त्यांचं पाणी बघायला गेले ती डबा घेऊनच.
सहा तोंडं काचेशी.
सहा. मी दोनदा मोजली.

दिलं नाही काही.
डबा घेऊन आतल्या खोलीत गेले,
दार ओढलं
आणि कपाटाकडे तोंड करून उभ्यानेच खाल्लं.