एपिसोड बेचाळीस

उगवता तारा मंडळाचा डावा कोपरा कच्चा आहे
हे मी तीन वर्षं सांगतेय.
कुणी मनावर घेत नाही, कारण मी बेदाणा निवडते
आणि कोच म्हणजे माजी सरपंचाचा मेहुणा.

पण मला दिसतं ना.
घोटा धरायला जातो तो पोरगा आणि डोळे मिटतो.
डोळे मिटून घोटा सापडत नसतो, बाबा.
आणि फायनलला आमचा बोनस खाल्ला पंचानं.
एक पाय रेषेपलीकडं, मागचा हवेत,
निम्म्या तासगावनं बघितलं.
त्या पंचाचं नाव मी घेत नाही.
सावळजचा आहे, एवढंच.

शेडवर नऊ ते सहा.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली.
पदराखालून वायर, कानात खून.
मुकादमीण म्हणते, मालन, सकाळच्या पारी भजन तरी लाव.
मी म्हणते, भजनात कोण मेलं ते कळत नाही.

लय ऐकलेत.
निम्म्या वेळा नवरा असतो,
उरलेल्या निम्म्यात दीर, नाहीतर बांध.
मी दहाव्या मिनिटाला सांगते,
पोलिसांना पंचेचाळिसाव्याला कळतं.
तपास काय नि पकड काय,
माणूस बघतो कुठं त्यावर जाऊ नये,
वजन कुठल्या पायावर आहे ते बघावं.

बुधवारी बेचाळिसावा लागला.
"सांगली जिल्ह्यातलं एक छोटंसं, टुमदार गाव,"
म्हणाला तो पुण्याचा पोरगा, आवाजात मध घालून.
मागं पावा.
"आपण तिला सीमा म्हणूया."
द्राक्षबाग. पत्र्याचं घर. पिवळं दार.

माझा हात थांबला.
त्या पिवळ्या दारामागं मी चहा प्यालेय,
साखर जास्त.

सीमा कशाला म्हणूया?
बेबीनंदा होती ती. बेबीनंदा खराडे, माहेर नांद्रे.

"एक साधी, शांत गृहिणी."

शांत?
आमच्याच बाकड्यावर बसून
नांद्रेकरांच्या बाजूनं ओरडायची ती,
पदर खोचून, पंचाच्या आईपर्यंत जायची.
भडंगाचा पुडा दोघींत एक,
शिव्या ज्याच्या त्याच्या.
आमचा डावा कोपरा कच्चा आहे
हे पहिल्यांदा तिनंच मला सांगितलं.
मी दोन महिने बोलले नव्हते तिच्याशी.

यातलं त्यानं काही सांगितलं नाही.
मध्ये गादीची जाहिरात झाली.
मग शेजारी, मग पंचनामा, मग कोर्टाची तारीख.
दहावं मिनिट आलं, गेलं.
मी काही बोलले नाही.
मला दहाव्या मिनिटाची गरजच नव्हती.
भर मे महिन्यात, मैदानावर, मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज.
मी विचारलं होतं, उकडत नाही का गं?
ती म्हणाली, चढाई बघ.

मी चढाई बघितली.

शेवटी तो म्हणाला,
सापडली तेव्हा तिचा उजवा हात उंबऱ्याबाहेर होता.
फक्त बोटं.
आणि परत पावा.

अहो, आमच्यात नियम आहे.
सातच्या सात अंगावर पडू देत,
दम तुटायच्या आत बोटाचं टोक मध्यरेषेला लागलं
की चढाई पुरी,
धरणारे सगळे बाद.
हे त्या पोराला कोण सांगणार?
त्याला रेषाच माहीत नाही.

मुकादमीण म्हणाली, मालन, काळा हिरव्यात टाकतेस.
म्हटलं, टाकू दे.

रविवारी मॅच आहे, नांद्रेकरांशीच.
त्यांच्या बाजूनं कुणीतरी ओरडायला हवं,
आमच्या बाकड्यावरनं.
पुडा मी आणीन.
आणि आमच्या कोपऱ्यातल्या त्या पोराला
सुरू व्हायच्या आधी गाठून सांगणारे,
डोळे उघडे ठेव रे.
धरशील न धरशील,
बघ तरी.