मधलं बोट

चांदणी लंगडते म्हणून भुराजी शेंदरे
दवाखाना उघडायच्या आधीच फाटकाशी उभा.
रात्री कुऱ्ह्याची वरात होती. डांबरी रस्ता, डीजे,
चार तास एकाच जागी नाचवलेली.
आयाळीत अजून कागदी चमकी.
दोर त्याच्या उजव्या हातात, तीन बोटांत.
उरलेली दोन कडबा-कुट्टीत गेली, पोळ्याच्या आदल्या दिवशी.

मी तिचा पुढचा पाय मांडीवर घेतला.
नाल झिजून पत्रा झालेला.
वर, नळीच्या मागे बोटं सरकवली.
तिथे दोन बारीक हाडं असतात, नळीला चिकटून,
गाडीवाट शेतात शिरून संपते
तशी मध्येच संपणारी.
आतल्या हाडाला सूज होती, गरम.

"हे काय असते वो बाई?"
बोटं. होती पूर्वी.
"घोड्याले?"

मी माझं मधलं बोट जमिनीवर उभं टेकवलं.
हा अख्खा खूर म्हणजे या बोटाचं नख.
चार नखांवर ती नवरदेव वाहते.

कोल्ह्याएवढी होती, म्हटलं. दाट रानात राहायची,
ओल्या मातीवर पाय फाकवून,
पुढे चार बोटं, मागे तीन.
कोवळा पाला खायची, खुट्ट झालं की दडायची.
मग रान विरळ झालं, गवत आलं.
गवत चावून दात झिजतात, दात लांबले.
दडायला जागा नाही, पाय लांबले.

"कोनं लांबवले?"
कोणी नाही. आखूड होते त्यांना खाल्लं.

तो बराच वेळ गप्प.
"किती दिवस लागले याले?"
पाच कोटी वर्षं.
त्यानं आपला हात उलटा करून पाहिला.
"कुट्टीनं त मिनिटबी लावला नाही."

बाहेर कोणाच्या तरी ट्रॅक्टरनं फटाका मारला.
चांदणीच्या कातडीवरून एक शहारा
मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत गेला,
डोळे पांढरे,
आणि एवढं मोठं जनावर क्षणभर
झुडपाखाली मावेल इतकं झालं.

पट्टी बांधली. आठ दिवस आराम, लिहून दिलं.
"परवा तळेगावची तारीख हाये वो.
इसार घेतला म्या."
मी कागद परत घेतला नाही.
त्यानंही तो वाचला नाही, टोपीत खोचला.

तिला डांबरावरून नेलं नाही मात्र.
धुऱ्याधुऱ्यानं गेले दोघं, हळू.
निंबाजवळ ती थांबली,
दोर ताणून मान खाली घातली.
भुराजीनं ओढलं नाही.
इथपर्यंत ऐकू येत होतं,
करकर, करकर,
गवत.