राखून ठेवलेली चूक

अकरा महिने मला माहीत होतं,
शहर बसच्या आमच्या ॲपमध्ये, पहिल्याच पानावर,
नागपूरचा ‘पू’ ऱ्हस्व पडलाय.
कोड खुला, दार उघडं, काम एका सेकंदाचं.
केलं नाही.
वर पाटी लावली: ‘पहिल्यांदा येणाऱ्यासाठी.
जाणत्यांनी हात लावू नये.’

तरी पुण्याहून एकाने दुरुस्त करून पाठवलंच.
आभार मानून परत केलं.

मग मे महिन्यात, रात्री सव्वादोनला,
कूलरचा पंप पाण्याविना घरघरत असताना
प्रणोती धकाते, पाचपावली, पॉलिटेक्निक दुसरं वर्ष:
‘सर, तिसऱ्या पायरीवर अडकली मी.
माझंच काही चुकलं असन.’

उत्तर लिहायला घेतलं, ‘अगं, फक्त…’
आणि बोट तिथंच थांबलं.

भाच्याचा जुना लॅपटॉप मागून आणला,
काही म्हणजे काही नव्हतं त्यावर.
मीच लिहिलेल्या सूचना वाचत निघालो
गावात नव्या आलेल्या पाहुण्यासारखा.
तिसऱ्या पायरीवर आदळलो.
तिथं होतं: ‘आता नेहमीप्रमाणे.’
कोणाच्या नेहमीप्रमाणे, बे?

पत्ता सांगतो ना आपण,
‘टॉकीजपासून डावीकडे’,
आणि टॉकीज पडून झाली पंधरा वर्षं,
सांगणाऱ्याला अजून दिसते.

पहाटेपर्यंत ‘फक्त’ खोडत बसलो. सतरा निघाले.
‘सोपंच आहे’ चार.
‘अर्थातच’ एकच होता,
पण दारात आडवी खाट टाकावी तसा.

तिला कळवलं: तुझं नाही चुकलं.
तिथं रस्ताच नव्हता. आता येऊन पाहा.

आली. एक उकार घेऊन.
एक ओळ लाल, एक ओळ हिरवी,
आणि सोबत एवढी मोठी चिठ्ठी,
निम्मी माफीची.
मी ती दोनदा वाचली, बदल स्वीकारला,
तिचं नाव यादीत चढलं, शेवटून पहिलं.

वाटलं, झालं.
चार दिवसांनी पुन्हा तीच. या वेळी माफी नाही:
‘गोळीबार चौकाचा थांबा
तुम्ही रस्त्याच्या उलट्या बाजूला दाखवता.
मी रोज उभी राहते तिथं.
बस समोरून निघून जाते लोकांची.’

नकाशा उघडला.
हाव, खरंच.

ही मी राखून ठेवलेली नव्हती.