रुवीतली वही

डाव्या पानावर खर्च:
चहा दोनशे बैसा, खुबूस, फोनचं रिचार्ज,
घरी पाठवले ६०.
उजवं पान कवितेचं.
तिथे तीन आठवडे नुसती तारीख.

मुकादम म्हणतो, रोज लिहीत जा,
व्यायामासारखं.
(त्याचे डंबेल्स पलंगाखाली, धूळ खात.)

सिगारेट सुटली.
महिन्याचे अठरा रियाल बँकेत पडतात.
पण त्या वेळेला गच्चीवर उभं राहून
जे काही सुचायचं,
किंवा सुचतंय असं वाटायचं,
ते कुठे भरायचं?

काल एसी बंद पडला.
घामेजल्या हातानं वही मिटली,
सकाळी उघडली तर
उजव्या पानावर ६०,
फिकट, उलटा.

त्याच्याखाली एक ओळ लिहिली.
बरी नाही.
खोडणार होतो,
तेवढ्यात साइटची बस आली.