डाव्या पायाला काम नाही

धुळ्यात, पारोळा रोडच्या चौफुलीवर
दोन होर्डिंगं समोरासमोर उभी आहेत.
एका कंपनीची गाडी दुसरीला
नाव न घेता हिणवते.
त्यांच्या सावलीत दोन गॅरेजं:
इकडे लोटन बडगुजर, तिकडे झिपरू भावसार.
मधे दुभाजक, त्यात वाळकी कण्हेर
आणि अकरा वर्षांचा अबोला.

मी लोटनदादांकडे पुर्जे धुतो.
मे महिना, पत्र्याखाली सत्तेचाळीस.
पाना उन्हात राहिला तर फडक्यानं उचलावा लागतो.

त्या दिवशी सावद्याच्या केळीवाल्याची ऑटोमॅटिक आली.
तिसऱ्यातून चौथ्यात जाताना
उंबऱ्याला ठेचकाळल्यासारखी अडायची.
दादा लळिंगच्या घाटापर्यंत जाऊन आले,
उतरले ते डावी मांडी चोळत.
"तीस वरीस क्लच दाबा.
आते ह्या पायले कामच नही.
खाल काहीच नही, तरी दाबस तो."

खोका उतरवला.
तेल लाल असायला हवं,
निघालं करपलेल्या काकवीसारखं.
आत ॲल्युमिनियममध्ये वाळवीनं कोरल्यासारख्या वाटा,
वाटांच्या वळणावर पोलादी गोळ्या, हरभऱ्याएवढ्या.
सात हव्यात.
मी सहा मोजल्या. पुन्हा सहा.
सातवी धुताना माझ्याच हातून गेली,
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दादांनी कव्हरवरची काजळी अंगठ्यानं पुसली.
गाडीच्या कंपनीचा शिक्का होताच,
खाली, बारीक अक्षरांत, दुसऱ्या कंपनीचाही.
त्यांनी बाहेर जाऊन वर पाहिलं, एका होर्डिंगकडे,
मग मान वळवून दुसऱ्या.
"वर गाया देतस
आन पोटमा एकच आतडं?"

मी फोनवर शोधून वाचून दाखवलं:
एकीनं नऊ गिअरचा आखला, दुसरीनं दहाचा,
आणि आराखडे बदलून घेतले. खर्च वाचतो.
"मंग त्यास्ना इंजिनेर एकाच टेबलले बसनात?"
बसले असतील.
"चहा कोणी पाजा?"
ते लिहिलेलं नव्हतं.
"आन गिऱ्हाईक?"
म्हटलं, त्यावरून भांडण चालूच आहे.

दादा हसतील असं वाटलं, हसले नाहीत.
त्यांचा बाप सावडीला बैल द्यायचा
त्याच शेजाऱ्याला, ज्याच्याशी बांधाचा खटला होता.
पेरणी उरकली की तारखेला
दोघं एकाच एसटीनं अमळनेरला जायचे,
तिकिटं मात्र आपापली.

समोर झिपरूकडे ती दुसरी गाडी
महिनाभर पोट उघडून पडली होती.
"जाय," दादा म्हणाले. "मन्हं नाव नको सांगू."

झिपरूशेठ कळण्याची भाकरी आणि कांदा खात होते.
मी काही बोलायच्या आत
त्यांनी खरकट्या हातानं खण ओढला,
पेपरच्या पुडीत एक गोळी बांधली.
न मागता एक पुलरही दिला,
लेथवर घरी बनवलेला, जड.
दांड्यावर पंचनं ठोकलेलं: लो. झि. २००९
"हाऊ लागी त्याले.
आन सांग, चौथाना प्लेटास्नी मापं घे.
मन्हा आंगे दोन खराब निंघन्यात."

मी सांगितलं.
दादांनी ऐकलं नसल्यासारखं केलं
आणि मापं घेतली.
दोन खराब.

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरल्यावर, गाडी घाट चढली.
तिसरा, चौथा,
दुधावरची साय न मोडता बोट फिरावं तसं.
पुलर परत द्यायच्या आधी
दादांनी तो डिझेलनं माझ्याकडून दोनदा धुवून घेतला,
मग ती चार अक्षरं स्वतः पुसली.

सकाळी झिपरूच्या फळ्यावर
ऑटोमॅटिक सर्व्हिसचा दर दोनशेनं उतरलेला.
दादांनी माझ्याकडं खडू मागितला.
आपला अडीचशेनं उतरवला,
आकडा ठळक केला, रस्त्यापलीकडून दिसेल एवढा.
लिहीत होते तेव्हा
त्यांचा डावा पाय
फरशीवर
हळूच काहीतरी दाबत होता.